‘त्याचं काम ठोकायचं’

रॉक संगीताच्या शौकिनांमध्ये एक जुना विनोद चालतो. बँडमधून हाकललेल्या ड्रमरचं शेवटचं वाक्य कोणतं? ‘ऐका ना, मीपण एक गाणं केलंय.’

हा विनोद मला ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने परतवाड्यात एका टपरीवर चहा पिताना ऐकवला. भाचा पुण्यात शिकतो, ‘क्वीन’ या इंग्रजी बँडचा भक्त आहे. चिखलदऱ्याहून उतरताना गाडीत त्याने त्यांचीच गाणी लावली होती. त्यात त्यांचा ड्रमर रॉजर टेलर याने लिहिलेलं आणि स्वतःच गायलेलं, मोटारगाडीवरच्या प्रेमाचं गाणं लागलं आणि मागे बसलेल्या पोरांत जुंपली. एकाचं म्हणणं, टेलरची गाणी चांगली आहेत, लोक उगाच नावं ठेवतात. भाच्याचं म्हणणं, ‘मामू, ड्रमर काय गाणं करीन? त्याचं काम ठोकायचं.’ सगळे हसले. त्यांच्यात अचलपूरचा एक पोरगा होता. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. तोही हसला.

मला राग आला तो त्याच्या हसण्याचा. भाच्याचं बोलणं मी लहानपणापासून वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहे.

आधी त्या गाण्याचं पाहू. ‘क्वीन’चा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्याला अगदीच परका नाही. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा, मूळ नाव फारूख बलसारा, शिकला आपल्या पाचगणीच्या शाळेत आणि पहिला बँडही त्याने तिथेच केला. 1975 साली त्याचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ आलं आणि तुफान खपलं. त्या काळी छोट्या तबकडीच्या एका बाजूला एक गाणं आणि दुसऱ्या बाजूला दुसरं गाणं असायचं. ‘रॅप्सडी’च्या पाठीवर टेलरचं ते मोटारीचं गाणं होतं. तबकडी घेणारा दोन्ही बाजूंचे पैसे मोजतो, त्यामुळे दोन्ही गाण्यांच्या रचनाकारांना मानधन सारखंच मिळालं. फ्रेडीच्या अजरामर गाण्याला जेवढे, तेवढेच ड्रमरच्या गाण्याला! चाहत्यांच्या पोटातलं दुखणं हेच आहे. 2018 च्या सिनेमातसुद्धा त्या गाण्याची टिंगल करणारा प्रसंग आहे.

गाणं काही फार थोर नाही, हे मीही मानतो. शब्द पोरकट आहेत. पण त्याच टेलरने पुढे ‘रेडिओ गा गा’ लिहिलं, ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ लिहिलं. गाणं वाईट असेल तर वाईट म्हणा, चाल कुठे पडते ते दाखवा. ‘ड्रमरचं आहे’ ही काही टीका नव्हे, तो जातीचा दाखला झाला.

आणि हा दाखला फक्त ड्रमरकडेच का मागतात? याच बँडचं ‘वी विल रॉक यू’ घ्या. जगभरच्या क्रिकेट-फुटबॉलच्या मैदानांत ते वाजतं. गाण्याचं सगळं हाडपेर म्हणजे दोनदा पाय आपटणं आणि एकदा टाळी. गिटार येते ती अगदी शेवटी. ते गाणं तो ठेकाच आहे. पण ते केलं गिटारवाल्या ब्रायन मेने, म्हणून ती प्रतिभा. गिटारवाल्याने ठेका बांधला तर रचना आणि ठेकेवाल्याने चाल बांधली तर चेष्टा. हा कुठला न्याय?

बाकी उदाहरणं भाच्याला मी तिथल्या तिथे मोजून दाखवली. ‘रश’ बँडचे बहुतेक सगळे शब्द त्यांच्या ड्रमरने, नील पर्टने लिहिले. ‘जेनेसिस’चा ड्रमर फिल कॉलिन्स पुढे स्वतःच्या गाण्यांवर जगभर गाजला. ‘निर्वाणा’चा ड्रमर डेव्ह ग्रोल याने बँड संपल्यावर 1995 साली ‘फू फायटर्स’चा पहिला अल्बम काढला. गाणी त्याची, आणि वाद्यंही जवळपास सगळी त्यानेच वाजवलेली. भाचा म्हणाला, ‘हे अपवाद आहेत मामू.’ अपवाद मोजून मोजून किती झाले म्हणजे नियम बदलायचा, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

पण मला टेलरचा खटला लढवायचा नाही. तो श्रीमंत आहे, त्याचं नाव तबकडीवर छापलेलं आहे. मला बोलायचं आहे ते ज्यांचं नाव कुठेच छापलं गेलं नाही त्यांच्याबद्दल.

1969 साली अमेरिकेत ‘द विन्स्टन्स’ नावाच्या बँडने ‘आमेन, ब्रदर’ ही धून काढली. तिच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटाच सहा-सात सेकंद वाजवतो. तेवढाच तुकडा कापून पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. हिपहॉपमध्ये तो आहे, आणि इंग्लंडातल्या नाचाच्या संगीताचा एक आख्खा प्रकार त्यावर उभा राहिला. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. 2006 मध्ये तो मेला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं.

असं का होतं? कारण ‘गाणं’ म्हणजे शब्द आणि चाल, ही व्याख्या आधीच ठरलेली आहे आणि तालाला त्या व्याख्येत शिरूच दिलेलं नाही. आपल्या देशातही हेच होतं आणि तेही कायद्याने. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ‘सांगीतिक कृती’ म्हणजे स्वरावली किंवा स्वरमेळ, आणि तीही छापलेली किंवा लिहून काढलेली, अशी व्याख्या होती. 1994 ची दुरुस्ती होईपर्यंत ती तशीच राहिली. म्हणजे कायद्याची अक्षरं पाहिली तर स्वतंत्र भारतात सदतीस वर्षं तबल्याचा कायदा, गत, रेला ही ‘सांगीतिक कृती’च नव्हती! त्यात स्वर नाही आणि तो कागदावर नाही, तर उस्तादाच्या जिभेवर आणि शागिर्दाच्या बोटांत आहे. 1977 च्या एका निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकांच्या बाबतीत ही खंत नोंदवली होती, की गळ्यातून येणारं गाणं कायद्याला दिसत नाही, कागदावरचं दिसतं. गायकासाठी निदान न्यायमूर्ती हळहळले. तबलजीसाठी कोण हळहळणार?

गंमत अशी की, कायद्याला जे कळलं नाही ते आपल्या उस्तादांना दीडदोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. तबल्यात रचना हा फार गंभीर मामला आहे. मैफलीत जाणता वादक गत वाजवण्याआधी तिचे बोल तोंडाने म्हणून दाखवतो, त्याला पढंत म्हणतात, आणि ती गत कोणाची ते कानाला हात लावून सांगतो. फर्रुखाबाद घराण्याचे हाजी विलायत अली खाँ यांच्याबद्दल घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात. ते अनेकदा हजला गेले आणि दर वेळी त्यांनी तिथे दुआ मागितली ती आपल्या गतींसाठी, त्या लोकांत रुजाव्यात म्हणून. दुसरी गोष्ट त्यांच्या लग्नाची. लखनौच्या बख्शू खाँनी मुलीच्या जहेजमध्ये जावयाला आपल्या गती दिल्या. या गोष्टी शब्दशः खऱ्या असोत नसोत, (आणि जहेज ही प्रथा वाईटच, त्या मुलीला त्या गतींतलं काय मिळालं हाही प्रश्न आहेच) पण त्या सांगणाऱ्यांच्या मनात काय होतं ते बघा. गत ही मालमत्ता आहे. तिला मालक आहे, तिला वारस आहे. तिच्यासाठी अल्लाहपुढे हात पसरता येतो.

याच परंपरेतले अमीर हुसेन खाँ मुंबईत राहिले आणि 1969 मध्ये वारले. त्यांनी बांधलेल्या गतींचा साठा प्रचंड होता. पंढरीनाथ नागेशकर, अरविंद मुळगावकर अशा मराठी शागिर्दांनी तो सांभाळला. मुळगावकरांनी तर मराठीत ‘तबला’ हा मोठा ग्रंथ लिहिला. हा आपला, मराठी आणि मुसलमान असा दोन्हीकडचा वारसा आहे. किती मराठी मुसलमानांना अमीर हुसेन खाँचं नाव ठाऊक आहे? मी विचारून पाहिलं आहे. उत्तर लिहायची लाज वाटते.

अहमदजान थिरकवा कित्येक वर्षं बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत होते. नाट्यसंगीताचा इतिहास सांगताना भास्करबुवा बखले, मास्तर कृष्णराव यांची नावं ‘चाली बांधणारे’ म्हणून येतात, ती यायलाच हवीत. थिरकवांचं नाव येतं ‘तबल्याच्या साथीला’ म्हणून. साथ! बालगंधर्वांच्या एका पदाखाली कुठला ठेका, कुठल्या वजनाने, कुठे थांबून, कुठे उसळून वाजवायचा हे ज्याच्या हातात होतं, तो त्या पदाच्या घडणीत कुणीच नव्हता काय?

अल्लारखा खाँसाहेबांनी 1950 च्या आसपास हिंदी सिनेमांना संगीत दिलं. राज कपूर-नर्गिसच्या 1952 च्या ‘बेवफा’चं संगीत त्यांचं आहे, पण पडद्यावर नाव ए. आर. कुरेशी. कारण काहीही असो, परिणाम असा की तबल्याचे अल्लारखा आणि चालींचे कुरेशी हे एकच, हे जुन्या गाण्यांच्या शौकिनांनाही सांगावं लागतं. त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन. ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचा ड्रमर मिकी हार्ट याच्याबरोबर त्यांनी ‘प्लॅनेट ड्रम’ केला, त्याला 1992 मध्ये ग्रॅमी मिळालं. 2015 मध्ये मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने त्यांची ‘पेशकार’ वाजवली. तबला आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्यासाठी बांधलेली ती आख्खी रचना होती. डिसेंबर 2024 मध्ये ते गेले तेव्हा मी वाचलेल्या बहुतेक मथळ्यांत काय होतं? बोटांची जादू. जादूगाराचे हात चपळ असतात, डोकं कोणी विचारत नाही.

आता जरा आपल्या घरात बघू, कारण सगळा दोष वर्तमानपत्रांवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. झाकीर हुसेन गेले तेव्हा आपल्या जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर केवढा अभिमान वाहत होता! त्याच ग्रुपांवरच्या किती घरांत ताशेवाल्याच्या मुलाचा पैगाम आला तर ऐकून घेतील? आमच्या वऱ्हाडात बँड पार्टीत, ताशात, ऑर्केस्ट्रात मुसलमान पोरं भरलेली आहेत. हळदीपासून संदलपर्यंत सगळ्यांच्या आनंदात तीच घाम गाळतात. त्यांना आपण ‘बजानेवाले’ म्हणतो आणि त्या शब्दाचा सूर कसा असतो ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

कोणी म्हणेल, हा प्रश्न इज्जतीचा नाही, शरीयतचा आहे. मग शरीयतच्या नावानेच बोलू. संगीताबद्दल उलेमांत मतभेद जुने आहेत, मी त्यांचा निवाडा करणारा कोण? पण निकाहात आणि ईदला दफ वाजवायला अनेक उलेमा परवानगी देतात, तंतुवाद्यांना हरकत घेणारेसुद्धा. म्हणजे जगात सगळीकडे सुरवाला वर आणि तालवाला खाली, तर आपल्याकडे निदान या एका बाबतीत गणित उलटं आहे. तालाला दार उघडं आहे. तरीही दफवर म्हटलेल्या नशीदखाली नाव कोणाचं असतं? लिहिणाऱ्याचं आणि म्हणणाऱ्याचं. दफवाला तिथेही बिननावाचा. तेव्हा अडचण शरीयतची नसावी, आपल्याच नजरेची असावी.

‘क्वीन’ने यावर एक तोडगा काढला होता. रोजच्या भांडणांना कंटाळून 1989 च्या अल्बमपासून त्यांनी सगळ्या गाण्यांवर चौघांचं मिळून बँडचंच नाव घातलं. भाच्याला तो फार आवडतो. मला अर्धाच पटतो. चार मित्र, चौघांचं नाव आधीच जगजाहीर, त्यांना ते जमतं. पण ज्याचं नाव कधी घेतलंच गेलं नाही, त्याला ‘आपलं सगळ्यांचं’ म्हणणं म्हणजे पुन्हा एकदा पुसणं आहे. हाजी विलायत अलींची गत त्यांचं नाव घेऊनच वाजवावी लागते.

चहा संपता संपता मी त्या ऑक्टोपॅडवाल्या पोराला विचारलं, ‘तू काही स्वतःचं केलंस का रे?’ तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, ‘एक हाये काका. हळदीच्या नाचासाठी बांधला होता. आता दर्यापूर-अंजनगावकडची पोट्टेबी तोच वाजवतात.’ वाजव म्हटलं तर लाजला, मग टपरीच्या बाकावर बोटांनी वाजवून दाखवला. सातवी मात्रा तो मुद्दाम गिळतो आणि नाचणाऱ्याचा पाय हवेतच राहतो. भाच्याने हसणं थांबवून पुन्हा वाजवायला लावलं आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं. फाइलला नाव काय देऊ, म्हणून विचारलं. पोरगा म्हणाला, ‘हळदीवाला बीट’ टाक.

मी म्हटलं, पुढे तुझं नाव टाक. तो म्हणाला, ‘माझं कशाला काका?’ भाच्यानेच टाइप केलं.