बाजीरावाची खतावणी

परवा रविवारी टीव्हीवर पुन्हा ‘बाजीराव मस्तानी’ लागला. २०१५ साली तो आला तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतील का, यावर महाराष्ट्र भांडत होता. माझं भांडण निराळं आहे. मी बँकेतला कारकून, शिक्षण बी.कॉम. अडीच तासांच्या त्या झुंबरांच्या झगमगाटात मला जमाखर्च कुठे दिसलाच नाही!

हसू नका. निजाम जड तोफा घेऊन पुण्याकडे आला, तेव्हा बाजीराव काही छाती काढून त्याच्यापुढे उभा राहिला नाही. तो उलट निजामाच्याच मुलखात घुसला आणि त्याला मागेमागे पळवलं. धावाधावीत तोफा मागे राहिल्या. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला निजामाचं चारापाणी तोडलं, की आटोपलं. ६ मार्चला तह झाला तो आमच्याच जिल्ह्यात, मुंगी-शेवगावला. नागापूरहून सकाळी शेवगावच्या एस.टी.त बसलं तर माणूस रात्रीच्या जेवणाला घरी परत येतो. पण पालखेड सिनेमात नाही, तर शेवगाव कुठून असणार? घोड्याच्या वैरणीवर गाणं होत नाही ना!

आणि कर्ज? हा अजिंक्य पेशवा कर्जाने गांजला होता. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून त्याने ते रडगाणं गायलं आहे. स्वामी त्याचे गुरूही होते आणि सावकारही! फौजेचा पगार थकला की शूर शिपाईसुद्धा दारात धरणं धरून बसतो. तलवार सगळेच दाखवतात. तिच्यामागे रात्रभर दिव्याशी आकडेमोड करणारा तो फडावरचा कारकून कुणी दाखवावा की नाही?

हे सगळं मी तावातावाने बोललो, कारण सिनेमा संपल्यावर चिरंजीव म्हणाले होते, “बाबा, लोकांनी काय काय केलं! तुम्ही नुसते हिशेब करता.” वाक्य लागलं हो. वीस वर्षांच्या नोकरीत एका पैशाचा फरक न ठेवणाऱ्याला पोटच्या पोराने असं म्हणावं!

माझं भाषण त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “बाबा, बाजीराव तुमच्या बँकेत आला असता, तर दिलं असतं कर्ज?”

मी चष्मा पुसू लागलो. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, “दिलं असतं की! आधी दोन जामीनदार मागितले असते.”