मनातली सल बोलून काढणारे शास्त्र

घरातल्या माणसाला झटके येऊ लागले, हात लुळा पडला, वाचा बसली आणि तपासणीत काहीच निघाले नाही, की जाणती माणसे म्हणतात, ‘याच्या मनाला काहीतरी लागलंय.’ हे म्हणणे सोपे आहे. पण लागले काय, ते शोधायचे कसे? सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्ना शहरात, दोन डॉक्टरांनी हा शोध सुरू केला. त्यातूनच मनोविश्लेषण हे शास्त्र उभे राहिले.

पहिले डॉक्टर जोसेफ ब्रॉयर. १८८० साली त्यांच्याकडे एकवीस वर्षांची एक मुलगी उपचारासाठी आली. आजारी वडिलांची रात्रंदिवस सेवा करता करता ती स्वतःच अंथरुणाला खिळली होती. उजवा हात बधिर झालेला, नजर अधू, आणि नवल असे की आपली जर्मन मातृभाषा विसरून ती नुसते इंग्रजी बोलू लागली. ब्रॉयर तिला संमोहनाने गुंगीत नेत आणि मनात येईल ते बोलू देत.

ऐन उन्हाळ्यात तिचे पाणी तुटले. घशाला कोरड पडे, पेला हातात घेई, पण ओठाला लागताच दूर सारी. सहा आठवडे तिने खरबुजासारख्या फळांवर काढले. मग एके दिवशी गुंगीत ती आपल्या सोबतिणीबद्दल बोलू लागली. ही बाई तिला मुळीच आवडत नसे. एकदा तिच्या खोलीत गेली असता बाईचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना तिने पाहिला. किळस आली, पण भिडेपोटी ती काही बोलली नाही. इतक्या दिवसांचा तो राग तिने आता ओकून टाकला, पाणी मागितले आणि घटाघटा प्यायली. गुंगीतून जागी झाली तेव्हा पेला तिच्या ओठाला होता! या उपचाराला ती स्वतःच ‘बोलण्याचा उपचार’ म्हणे, आणि थट्टेने ‘धुराडे साफ करणे’.

ही हकिगत ब्रॉयरनी आपल्या तरुण मित्राला सांगितली. तो मित्र म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. लोकरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, चिकाटीचा. विद्यार्थी असताना ईल नावाच्या सापासारख्या माशातला नर ओळखण्यासाठी याने सुमारे चारशे मासे चिरून पाहिले होते! तीच चिकाटी त्याने पुढे माणसाच्या मनासाठी खर्ची घातली.

हसणाऱ्यांची मात्र उणीव पडली नाही. अशा झटक्यांच्या आजाराला ‘हिस्टेरिया’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गर्भाशय, म्हणून हा आजार फक्त बायकांचाच, अशी समजूत होती. १८८६ साली पॅरिसहून शिकून आलेल्या फ्रॉइडने व्हिएन्नाच्या डॉक्टरांपुढे सांगितले, की तो पुरुषांनाही होतो. एका बुजुर्ग शल्यवैद्याने विचारले, ‘अहो, पुरुषाला गर्भाशय असते काय?’ १८९६ साली लहानपणीच्या अत्याचारांचा या आजाराशी संबंध त्याने मांडला, तेव्हा नामवंत डॉक्टर क्राफ्ट-एबिंग यांनी ती ‘शास्त्रीय परीकथा’ ठरवली. स्वप्नांवरचा त्याचा ग्रंथ १८९९च्या अखेरीस निघाला. प्रती छापल्या सहाशे. त्या खपायला आठ वर्षे लागली.

१९०५ साली लहान मुलांच्या मनातही कामभावनेचा अंकुर असतो असे त्याने लिहिले, आणि मग गहजबच उडाला. १९१०मध्ये हॅम्बुर्गच्या डॉक्टरांच्या सभेत एका प्राध्यापकाने टेबलावर मूठ आपटून हा विषय शास्त्राचा नव्हे, पोलिसांचा आहे असे सुनावले, असे फ्रॉइडचे चरित्रकार लिहितात. फ्रॉइड ज्यू, हेही काहींना खुपत होतेच. १९३३ साली बर्लिनमध्ये नाझींनी त्याची पुस्तके जाळली.

पण सगळाच विरोध आडमुठा होता असे मला वाटत नाही. नवे वाण आले की आम्ही शेजारी जुने पेरून पीक प्रात्यक्षिक दाखवतो. पटले तर घ्या. फ्रॉइडचा उपचार बंद खोलीत, दोघांतच चाले. तिऱ्हाइताने पडताळायचे कसे? वर तो म्हणे, रोगी जसा आपल्या मनातले कबूल करत नाही, तसेच माझे विरोधकही करत नाहीत. हा युक्तिवाद म्हणजे बियाणे उगवले नाही तर दोष जमिनीला! त्याच्या कित्येक कल्पना पुढे टिकल्या नाहीत. टिकले ते रोग्याला हडसून-खडसून न विचारता त्याचे निवांत ऐकून घेणे. आजचे मानसोपचारतज्ज्ञ औषधे देतात, पण ऐकणे त्यांनीही सोडलेले नाही. आपल्याकडे कलकत्त्याच्या डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच मनोविश्लेषणाची संस्था काढली होती.

आणि ती मुलगी? पुस्तकात तिला बरी झालेली दाखवले. प्रत्यक्षात त्यानंतरही तिला रुग्णालयात राहावे लागले. तिचे खरे नाव बर्था पापेनहाइम. पुढे ती सावरली, १९०४ साली जर्मनीत तिने ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली आणि निराधार मुलींसाठी आश्रम काढला. १९५४ साली पश्चिम जर्मनीच्या टपाल खात्याने मानवतेच्या सेवकांच्या मालिकेत तिचे तिकीट काढले.