‘ढ’ कोण ठरवतं?

एकाच वर्गातली दोन मुलं घ्या. दोघंही वाचताना अडखळतात, अक्षरं उलटसुलट लिहितात. एक सोसायटीत राहणारा. त्याचे पालक तज्ज्ञाकडे जातात, डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र आणतात, दहावीला त्याला वाढीव वेळ मिळतो. दुसरा वस्तीतला. तो ‘ढ’ ठरतो, मागच्या बाकावर जातो आणि एक दिवस शाळाच सोडतो. अडचण दोघांची एकच. एकाला निदान मिळालं, दुसऱ्याला त्याची जात दाखवली गेली. वर ‘कोट्यातले असेच असतात’ हा शेरा आहेच!

माणसांचे मेंदू वेगवेगळ्या रीतीनं चालतात. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया ही त्यातलीच काही रूपं. या वेगळेपणाला न्यूरोडायव्हर्सिटी म्हणतात. ‘हे श्रीमंतांचे चोचले, आपले प्रश्न वेगळे’ असं चळवळीतले काही साथी म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. श्रीमंताच्या मुलाला महागडी थेरपी मिळते, आपल्या मुलाला छडी मिळते. म्हणूनच हा प्रश्न आधी आपला आहे.

कायदा काय सांगतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नं अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आल्या; एडीएचडीचं नाव मात्र आजही नाही. सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला फक्त 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून! त्यासाठीही किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. रोजंदारी बुडवून रुग्णालयाच्या फेऱ्या कोणी मारायच्या?

खासगी कंपन्यांत तर मुलाखतीतच निकाल लागतो. उमेदवार नजरेला नजर देत नाही, लगेच उत्तर देत नाही, म्हणून ‘कम्युनिकेशन स्किल नाही’. तो दलित असेल तर ‘आत्मविश्वासच नसतो यांच्यात’. काम येतं की नाही हे कोणी बघत नाही. सूचना लेखी देणं, बसायला कमी गोंगाटाची जागा देणं, मुलाखतीचे प्रश्न आधी कळवणं, याला कितीसा खर्च येतो? 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात सर्वोच्च न्यायालयानं 40 टक्क्यांची अट बाजूला सारून लेखनिकाचा हक्क मान्य केला. अशा सोयी हा समानतेचाच भाग आहे, हे न्यायालयानं स्पष्ट केलं. आरक्षणाला भीक म्हणणारे लोकच या सोयींना मेहरबानी म्हणतात. दोन्ही आमचे हक्क आहेत.

आता घराकडे वळू. मूल बोलत नाही, गोंगाटात कान झाकतं, की लगेच ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून भगताकडे धाव, नाहीतर ‘आईनं लाडावलं’ म्हणून सगळा दोष बाईवर. ‘मागच्या जन्माचं पाप’ तर ठरलेलंच. बंधूंनो-भगिनींनो, याच कर्मसिद्धांतानं आपल्या पूर्वजांची अस्पृश्यता रास्त ठरवली होती. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात तो नाकारला. मग बौद्धाच्या घरात तो पुन्हा कसा शिरतो?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक विहारात आणि अभ्यासिकेत पालकांना ही लक्षणं समजावून सांगा. मुलांच्या तपासणीची सोय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मागा. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी कार्यकर्त्यांनी पालकांसोबत रांगेत उभं राहावं. कायद्यानं प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलंय; नोकरी करणाऱ्या तरुणांनी आपापल्या ऑफिसात ते दाखवायला सांगावं. शिबिरात एखादा तरुण तासभर बसू शकत नसेल, तर त्याला बेशिस्त ठरवण्याआधी उठून फिरू द्या.

शिक्षणाचा हक्क लढून मिळवलेला समाज आपल्याच लेकराला ‘ढ’ म्हणून शाळेबाहेर जाऊ देणार असेल, तर मनुवाद्यांना वेगळं काही करायची गरजच उरत नाही.

जय भीम!