मूळ गाव, रम्य गाव आणि बाजारगाव

मूल दोन-तीन वर्षांचे झाले, पाळणाघराचा खर्च आणि लोकलची गर्दी यांचा एकदमच वीट आला, आणि घरी बसून काम करण्याची मुभा मालकाने दिली, म्हणजे मुंबई-पुण्यातील तरुण दांपत्याच्या मनात खेड्यात जाऊन राहण्याचा विचार घोळू लागतो. हा विचार मला स्तुत्य वाटतो आणि त्यास खूळ म्हणणाऱ्यांशी आज मला वाद घालावयाचा नाही. वाद आहे तो या दांपत्याच्या हितचिंतकांशी, जे जाण्यास मोठ्या मनाने संमती देतात आणि कोठे जावे याबद्दल मात्र असा सल्ला देतात की तो मानणाऱ्या कुटुंबाने दोन-तीन वर्षांत सामानसुमानासह परत यावे.

या सल्ल्यांतील सर्वांत आदरणीय, आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा, सल्ला मूळ गावी जाण्याचा. त्याचा पूर्वपक्ष दुबळा नाही. मूळ गावी माणसाला ओळख द्यावी लागत नाही. अमक्याचा नातू म्हटले की वाण्याकडे खाते उघडते, ग्रामदेवतेच्या पालखीला खांदा देण्याचा मान चालत येतो, रात्री-अपरात्री हाक मारली तर कोणी ना कोणी कंदील घेऊन बाहेर पडतो. कायद्याची बाजूही आहे. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून महाराष्ट्रात शेतजमीन खरेदी करता येत नाही, आणि शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे बहुधा आजोबांच्या गावचा तोच जुना सातबारा.

परंतु हा कायद्याचा मुद्दा तर मूळ गावाच्या विरुद्धच जातो, कारण एका गावच्या सातबारावर नाव असलेला मनुष्य त्याच आधारावर राज्यातील दुसऱ्या गावीही जमीन घेऊ शकतो. राहिले भाऊबंद. गणपतीला चार दिवस येणारा पाहुणा आणि वडिलोपार्जित घराच्या दोन खोल्यांवर हक्क सांगणारा सहहिस्सेदार या एकाच मनुष्याच्या दोन भूमिका होत. पहिल्याला पंगतीत आग्रह होतो, दुसऱ्याची वार्ता लागताच ट्रंकेच्या तळाशी पडलेले कागद बाहेर निघतात. उतारा काढून पाहावा: मयतांची नावे कमी झालेली नसतात, वारसांचा फेरफार झालेला नसतो, सरस-निरस वाटप आजोबांच्या वेळी व्हावयाचे होते ते अद्याप व्हावयाचेच असते, आणि गळक्या छपराची चार कौले बदलावयाची तरी ठाण्यापासून बडोद्यापर्यंत पांगलेल्या चुलत्यांची संमती लागते.

याहून मूलगामी प्रश्न मात्र कोणी विचारीतच नाही. आजोबांनी ते गाव सोडले का? हौसेने गिरगावच्या चाळीत दहा जणांनी एका खोलीत राहावयास कोणी जात नाही. चौथीपुढे शाळा नव्हती, पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नव्हता, अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून न्यावे लागे, किंवा जमीन इतकी वाटली गेली होती की तीवर एका बिऱ्हाडाचेही पोट भरेना. यांपैकी कोणते कारण आज नाहीसे झाले आहे आणि कोणते अजून जागच्या जागी उभे आहे, याची चौकशी केल्यावाचून नातू परत गेला, तर तो आजोबांचे घर जपतो आणि आजोबांचा निर्णय धुडकावून लावतो.

दुसरा पक्ष निसर्गप्रेमिकांचा. जावयाचेच तर अर्धवट कशाला, असे ते विचारतात; डांबरी रस्ता संपतो तेथून पुढे जावे, डोंगरउतारावरच्या एखाद्या वाडीत घर बांधावे, मुलांना झरे, पाखरे आणि तारे यांच्या संगतीत वाढू द्यावे. हे पक्षकार वाडी पाहावयास जातात ते भाद्रपदात किंवा मार्गशीर्षात. वैशाखात त्यांपैकी कोणी गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातील वाड्यांना मे महिन्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, यात कोकण ठाऊक असलेल्यास विरोधाभास वाटत नाही: जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड, त्यामुळे आषाढात पडलेले पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते. दारात नळ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. नळाला पाणी देणाऱ्या विहिरीचा तळ ज्येष्ठाच्या तोंडावर पाहावा आणि तो पाहताना हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांशी चार शब्द बोलावे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नसलेली माहिती तेथे मिळते.

आणि मूल? ज्या आडगावच्या मोकळ्या हवेचे एवढे गोडवे गाइले जातात तेथेच दगडांच्या खबदाडीत लाल विंचू असतो, आणि त्याचा दंश मोठ्यापेक्षा लहान मुलाच्या जिवावर अधिक बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या मुळात रक्तदाबावरील औषधाचा त्यावर उपयोग दाखवून दिल्यापासून असे मृत्यू पुष्कळच कमी झाले. पण औषध गुणकारी ठरते ते वेळेवर पोटात गेले तर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर प्रतिविष आहे. मात्र मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडू लागले की जे यंत्र लागते ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसते. सरकारी निकषाप्रमाणे असे एक केंद्र सपाटीवर ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी मुलखात २०,००० लोकसंख्येमागे असते. हा निकष माणसे मोजतो, मैल मोजीत नाही. विरळ वस्तीच्या डोंगरात २०,००० माणसे किती दऱ्या ओलांडल्यावर भरतात ते ज्याचे त्याने नकाशावर पाहावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून विनामूल्य मिळते खरी, पण तीही रस्त्यानेच येते.

येथे हेमलकशाचे उदाहरण हटकून पुढे केले जाते: प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी १९७३ नंतर भामरागडच्या अरण्यातच आपली मुले वाढविली ना? वाढविली. परंतु ते पती-पत्नी दोघेही डॉक्टर होते, पंचक्रोशीचा दवाखाना त्यांचाच होता, आणि ते तेथे गेले ते माडिया गोंडांच्या सेवेसाठी. सेवेसाठी पत्करलेली गैरसोय हे व्रत होय. सुखासाठी गेलेल्याने तीच गैरसोय पत्नीच्या आणि मुलांच्या वाट्यास द्यावी, यास व्रत म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

शाळेचा हिशेबही आजचा मांडून भागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत अपेक्षित आहे. नववीबद्दल तो कायदा मौन बाळगतो. मांडीवरचे मूल पाहता पाहता माध्यमिक शाळेच्या वयाचे होते. खेड्यातील मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मात्र संध्याकाळची गाडी रद्द झाली तर त्या पासाचा उपयोग काय? वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा मिटवून समूहशाळा करण्याची तजवीज २०२३ मध्ये पुढे आली होती, तेव्हा दारातली चिमुकली शाळाही उद्या दारातच राहील हे गृहीत धरू नये.

स्वस्त जमिनीच्या पुरस्कर्त्यांसाठी फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. शेजारच्या गटापेक्षा निम्म्या भावात मिळणाऱ्या गटाला बहुधा वाट नसते, आणि १९६६ च्या महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागण्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालण्यातच खरेदीदाराचे ग्रामीण जीवन सुरू होते.

मग जावे कोठे? माझे मत असे की लहान मुलांच्या कुटुंबाने बाजारगाव आधी निवडावे आणि राहावयाचे खेडे त्यानंतर. ज्या ठिकाणी आठवड्याचा बाजार भरतो, ग्रामीण रुग्णालय चालते, बारावीपर्यंत वर्ग आहेत, आणि बालरोगतज्ज्ञ रविवारीही घरी सापडतो, असे तालुक्याचे गाव मध्यबिंदू धरून त्याभोवती पाच-सहा किलोमीटरच्या परिघात घर शोधावे. तेही माळावरच्या एकांड्या तुकड्यावर नव्हे तर गावठाणालगत, म्हणजे कुंपणाबाहेर मुलाला सवंगडी असतील. फलटणचे उदाहरण घ्या. पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, वनश्रीच्या नावाने फारसे काही नाही, भिंतीवर लावावे असे चित्रही तेथे क्वचितच मिळेल; परंतु नीरेच्या उजव्या कालव्याने तालुक्याचा उत्तर भाग ओला ठेवला आहे, आणि अमेरिकेहून संशोधनासाठी आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी वर्षानुवर्षे येथे राहून प्रगत शिक्षण संस्थेमार्फत कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी केली, तशी शाळा मोठमोठ्या शहरांनाही सहसा लाभत नाही. लेखिका गौरी देशपांडे फलटणजवळच्या विंचुर्णीस राहिल्या, त्यांनाही हाच बाजार जवळचा होता.

यावर शेवटचा आक्षेप असा की हे धड खेडे नाही आणि धड शहर नाही, ही भित्र्यांची तडजोड आहे. खेड्याचा एवढा कैवार घेणारे गांधीजी १९३६ मध्ये सेगावी राहावयास गेले. ते वर्ध्याच्या रेल्वे जंक्शनापासून सुमारे आठ किलोमीटर होते, आणि त्याच वर्षी हिवतापाने आजारी पडल्यावर त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात आणावे लागले. त्यांना कोणी भित्रे म्हटल्याचे मी वाचलेले नाही. शिवाय मुलाला जे हवे असते, म्हणजे माती, गुरे, चढण्याजोगे झाड आणि ओरडले तरी कोणाची तक्रार येऊ नये एवढे अंगण, ते बाजारगावाहून पाच किलोमीटरवर संपूर्ण मिळते. पन्नास किलोमीटरवर त्यात काही भर पडत नाही.

असे गाव सापडले तरी तेथे प्रथम बिऱ्हाड भाड्याने करावे आणि एक वैशाख, एक आषाढ तेथेच काढावा. वीज किती तास जाते, आशाताई कोणत्या वारी फिरते, अंगणवाडीत खिचडी खरोखर शिजते की नुसती नोंदवहीत शिजते, हे त्या मुदतीत आपोआप कळते. आणि कोणत्या गटावर कुळाचा दावा पडून आहे, कोणत्या विहिरीत तीन भावांचे पाळीपाणी आहे, हे सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात नसले तरी ओटीवर येऊन बसणारे शेजारी तोपर्यंत सांगू लागतात. खरेदीखताचा मुद्रांक त्यानंतर आणावा.