वर्धेच्या डोहांचा तळ आधी मोजून ठेवा

मा. जिल्हाधिकारी, अमरावती
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांस,


14 सप्टेंबर 2021 रोजी वरुड तालुक्यात झुंज धबधब्याजवळ वर्धेत नाव उलटली आणि 11 जण बुडाले. पहिल्या दिवशी तिघांचेच मृतदेह हाती लागले. बाकीच्यांसाठी नातेवाईक पुढचे काही दिवस नदीकडे डोळे लावून बसले. कार्तिकात आमच्या चांदूर रेल्वेकडची माणसे कौंडण्यपूरच्या यात्रेला जातात, त्याच वर्धेत उतरतात. म्हणून हे पत्र.

"पाणी गढूळ आहे, काही दिसत नाही" हे शोध लांबला की मिळणारे उत्तर अर्धेच खरे आहे. काळ्या रानातली माती वाहून आली की पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही. तो चाचपडत राहतो, वरून भोई बांधव गळ टाकतात. सोनार यंत्राला मात्र उजेड लागत नाही, त्याचे काम ध्वनीवर चालते. गाळाचे कण ध्वनी शोषतात, विखुरतात; किती, ते कंप्रतेवर ठरते. 500 किलोहर्ट्झला तरंगलांबी 3 मिलिमीटर: चित्र रेखीव, पण गाळात पल्ला घटतो. 100 किलोहर्ट्झला ती 15 मिलिमीटर: पल्ला वाढतो, बारकावा जातो. धबधब्याखालचे हवेचे बुडबुडे तर गाळाहूनही जास्त छळतात. आणि चिखलात पुरते रुतलेले काही तळाचे चित्र काढणाऱ्या साइड स्कॅन सोनारला दिसतच नाही.

जागा कळली म्हणजे काम संपतेच असे नाही. कर्नाटकात अंकोल्याजवळ शिरूरला 16 जुलै 2024 रोजी दरड कोसळून ट्रक गंगावळी नदीत गेला. सोनारने जागा सुचवली, तरी प्रवाहापुढे पाणबुड्यांचे काही चालले नाही. गोव्याहून ड्रेजर आणून गाळ उपसला, तेव्हा 25 सप्टेंबरला ट्रक निघाला.

नुसते यंत्र घेऊन कपाटात ठेवू नका, साहेब. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी निवळते, संथ होते. तेव्हाच झुंज, कौंडण्यपूर आणि इतर धोक्याच्या डोहांचा तळ सोनारने टिपून घ्या. पडद्यावर माणूस बऱ्याचदा त्याच्या मागे पडलेल्या काळ्या सावलीवरूनच ओळखावा लागतो, आणि खडकाची सावलीही तशीच पडते. अशा सावलीपायी पाणबुडा जीव धोक्यात घालून उतरतो. पुरात वाळू सरकते, पण खडक आणि कपारी जागच्या जागी राहतात. त्यांचा नकाशा हाती असला तर नवे काय आले ते चटकन कळेल.

शोध व बचाव पथकातलीच माणसे हे चित्र वाचायला तयार करा. भोई बांधवांना मानधन देऊन सोबत घ्या. येत्या उन्हाळ्यात झुंजपासून सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
चांदूर रेल्वे येथील एक नागरिक