वणव्यानंतरची वाट

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तरेस, सिएरा नेवाडा आणि कॅस्केड या पर्वतरांगा जेथे एकमेकींस भेटतात, तेथून ८९ क्रमांकाचा एक आडवळणाचा रस्ता जातो. ग्रीनव्हिल हे लहानसे गाव, आल्मनॉर सरोवराचा काठ आणि पुढे लॅसन ज्वालामुखीचे राष्ट्रीय उद्यान अशी त्याची वाट आहे. उद्यानात तो साडेआठ हजार फुटांची उंची गाठतो. हिवाळ्यात तेथे बर्फामुळे वाहतूक बंदच असते. या वाटेच्या दुतर्फा पाइन आणि फर वृक्षांची दाट राई होती. आता कित्येक ठिकाणी जळक्या खोडांचे काळे खांब तेवढे उभे आहेत.

१३ जुलै २०२१ रोजी विजेच्या तारांस एका झाडाचा स्पर्श होऊन वणवा पेटला. 'डिक्सी' या नावाने ओळखला जाणारा हा वणवा ऑक्टोबरअखेर आटोक्यात आला, तोवर नऊ लक्ष साठ हजार एकरांहून अधिक प्रदेश त्याच्या तडाख्यात सापडला होता. ४ ऑगस्टला ग्रीनव्हिलचा बहुतेक भाग भस्मसात झाला.

असा प्रदेश लागला, की प्रवासी मोटारीचा वेग वाढवितात. अरण्य मेले, आता पाहण्याजोगे काय उरले, असा त्यांचा अभिप्राय असतो. तो घाईचा आहे. स्नोब्रश नावाच्या झुडपाचे कठीण कवचाचे बी वर्षानुवर्षे मातीत निजून असते. आगीची धग लागली म्हणजेच ते जागे होते. जळक्या खोडांत भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात आणि त्यांच्या शोधात काळ्या पाठीचा सुतारपक्षी येतो. कोळशासारख्या खोडावर तो बसला, तर चटकन दृष्टीसही पडत नाही. तेव्हा जळके झाड दिसले की तोडून न्यावे, हा हिशेब खरा नव्हे. रस्त्यावर कोसळू पाहणारी झाडे अर्थातच काढली पाहिजेत.

परंतु निसर्ग आपले आपण सावरील, असे म्हणून स्वस्थ बसणेही बरे नाही. पाइनचे बी मातृवृक्षापासून फार दूर जात नाही. जेथे दूरवर एकही जिवंत झाड उरले नाही, तेथे केवळ झुडपे माजतात आणि तीच पुढल्या वणव्याचे सरपण होतात. तेथे माणसाने रोपे लावावीत.

आणि मुळात एवढे सरपण साचले कसे? या डोंगरांतील माइडू लोक पूर्वी हेतुपुरस्सर लहान लहान आगी लावीत. त्यामुळे रान मोकळे राही, टोपल्यांसाठी लवचिक कोंब मिळत. पुढे प्रत्येक आग शत्रू ठरली. आज कळलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापूर्वी आटोक्यात यावी, असा दंडकच वनखात्याने १९३५ मध्ये घातला. त्यात उन्हाळेही अधिक तप्त व कोरडे होत गेले. माइडूंचे ज्ञान अडाणीपणाचे मानले गेले, ही त्या धोरणातील सर्वांत महागडी चूक होय. २०१९ मध्ये हंबग खोरे माइडूंना परत मिळाले आणि दोनच वर्षांनी त्यावरून डिक्सी वणवा गेला.

ग्रीनव्हिलमध्ये रिकाम्या जोत्यांच्या मधून काही नवी घरे उभी राहिली आहेत. वेगाने जाणाऱ्या मोटारीतून तीही नीटशी दिसत नाहीत.