वर्गातला निबंध आणि आपला मांडव



माझी थोरली मुलगी अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. गुरुकुंज मोझरीहून रोज एस.टी.ने जाणे-येणे जमेना, म्हणून मागच्या वर्षापासून ती वसतिगृहात राहते. खोलीत चौघी जणी. एक मेळघाटातली, धारणीकडची कोरकू. एक अचलपूरची मुसलमान. एक दर्यापूरकडच्या कुणब्याची आणि चौथी आमची. सुरुवातीला चौघी चार कोपऱ्यांत तोंड करून जेवायच्या. आता एकीच्या घरून डबा आला की चौघींत मिळून संपतो, असे ती सांगते. ऐकून समाधान वाटले. परंतु आज मला लिहायचे आहे ते एका वहीबद्दल.

समाजशास्त्राच्या मॅडमनी वर्गाला दहा पानांचा निबंध लिहायला सांगितला. विषय होता, 'माझ्या घरातील विवाहपद्धती'. आपल्या नात्यागोत्यात जे लग्न डोळ्यांनी पाहिले, तेच लिहायचे. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली तेव्हा ती वही टेबलावर पडली होती. मी पडलो कारकून. कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. उघडून पाहतो तो काय! अंतरपाट, मंगलाष्टके, कन्यादान, सप्तपदी. आमच्या घरात धम्मदीक्षेनंतर अशा पद्धतीने एकही लग्न लागलेले नाही. माझे स्वतःचे लग्न तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, पांढऱ्या वस्त्रांत, त्रिशरण-पंचशील घेऊन लागले. वहीतला सगळा मजकूर मोबाईलवर पाहून उतरवलेला होता.

मी विचारले, "हे कोणाच्या घरचं लगन लिहिलं बाई?"

ती मान खाली घालून म्हणाली, "बाबा, मॅडम वर्गात वाचाले लावते. खरं लिहिलं असतं तं साऱ्याइले समजलं असतं, आपण कोण आहो ते."

मला राग आला, पण शब्द फुटेना. कारण बी.कॉम. होऊन मी कचेरीत लागलो तेव्हा पहिली दोन वर्षे मीही कोणाला उघडपणे 'जयभीम' म्हटले नव्हते. 'नमस्कार' म्हणून दिवस काढले. खतावणीत बापाने जी नोंद दडवली, तीच आज लेकीच्या खात्यावर बाकी म्हणून निघाली.

रात्री जेवणे झाल्यावर मी कपाटातून बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली तो प्रसिद्ध केला आहे. त्यातला पहिलाच लेख भारतातील जातींविषयी आहे. मी तिला म्हटले, "हा लेख काय आहे ठाऊक आहे? हाही वर्गातलाच निबंध आहे." तिला ते खरे वाटेना. मग मी तिला जे सांगितले, तेच येथे लिहितो.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे देशोदेशींचे विद्यार्थी होते. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांच्या सोबत नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी राहत. एका खोलीतली ही मैत्री पुढे जन्मभर टिकली आणि अडचणीच्या काळात भथेना बाबासाहेबांच्या मदतीला धावून आले. अभ्यास तर किती! विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले होते. जॉन ड्युई, सेलिग्मन, रॉबिन्सन, शॉटवेल यांच्यासारखे थोर गुरू त्यांना लाभले.

मानववंशशास्त्राच्या वर्गाला डॉ. गोल्डनवायझर होते. ते मूळचे कीव्ह शहराचे, म्हणजे तेही परदेशातून अमेरिकेत आलेले. त्यांच्या वर्गात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी हा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २५. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात तो छापून आला.

आता विचार करा. जेथे कोणी जात विचारत नाही, अशा हजारो मैल दूरच्या गावात हा तरुण राहत होता. जात लपवायला याहून सोयीची जागा कोणती? दुसरा कोणी असता तर हिंदुस्थानच्या प्राचीन वैभवावर दहा पाने लिहून मोकळा झाला असता. बाबासाहेबांनी मात्र ज्या जखमेने लहानपण पोळले, तोच विषय परक्या मुलांसमोर मांडला. मांडला तोही रडगाण्यासारखा नव्हे, शास्त्रासारखा.

त्यांनी त्या वेळचे चार नावाजलेले अभ्यासक घेतले: सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर. हे केतकर म्हणजे मराठी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचे शालेय शिक्षण आपल्या अमरावतीत झाले आणि पुढे त्यांनी अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवरच डॉक्टरेट मिळवली. बाबासाहेबांनी चौघांच्या व्याख्या तपासल्या. केतकरांची दृष्टी इतरांहून चांगली आहे हे मान्य केले आणि त्यांचीही चूक दाखवून दिली. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती. जातीत जन्मेल तोच जातीचा, हे एक आणि जातीबाहेर लग्न नाही, हे दुसरे. बाबासाहेब म्हणाले, ही दोन लक्षणे वेगळी नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्नाचे दार बंद केले की आत जन्मणारा आपोआप आतलाच राहतो. म्हणून जातीचे मूळ स्वजातीत लग्न करण्याच्या सक्तीत आहे. सतीची चाल, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूढी ते दार बंद ठेवण्यासाठीच आल्या. आणि वरच्यांनी दार लावून घेतले तेव्हा खालच्यांनी काही त्यांचे अनुकरण केले, काही बाहेर राहिल्यामुळे आपोआप कोंडले गेले.

मुलगी बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने दहाही पाने फाडली आणि आजीजवळ जाऊन बसली. आजीच्या लग्नात कोण आले होते, वंदना कोणी घेतली, जेवायला काय होते, हे सारे विचारून तिने नवा निबंध लिहिला.

महिन्याभराने ती घरी आली तेव्हा तिचे डोळे वेगळेच होते. निबंध वर्गात वाचला. कोणी हसले नाही. मागच्या बाकावरच्या एक-दोघी कुजबुजल्या, पण ते तिने मनावर घेतले नाही. मग इतर मुलीही मोकळ्या झाल्या. कोरकू मुलीने सांगितले, वधूमूल्य द्यायला पैसा नसला तर त्यांच्यात मुलगा काही वर्षे सासऱ्याच्या शेतात राबतो. अचलपूरच्या मुलीने मेहेर म्हणजे काय आणि निकाहात मुलीची संमती कशी विचारतात ते सांगितले. शेवटी मॅडमनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: या सर्व लग्नांत समान काय आहे? वर्ग शांत झाला. तेव्हा आमच्या पोरीने हात वर करून उत्तर दिले, "मॅडम, विधी वेगळे, पण सारे लोक आपापल्यातच लगन करतात."

माझी छाती फुलून आली. पण ती फुललेली छाती तिने लगेच खालीही बसवली. म्हणाली, "बाबा, आपुन तं बौद्ध झालो ना? मंग उन्हाळ्यात काकाच्या पोरासाठी स्थळ आलं, तं तुम्ही काहून विचारलं, सोमवंशी का कोसरे?"

बंधू-भगिनींनो, मी निरुत्तर झालो. ते स्थळ चांगले होते. मुलगी शिकलेली होती, माणसे कष्टाळू होती. केवळ पोटजात जुळली नाही म्हणून आम्ही 'पत्रिका जमत नाही' असे कळवले होते. जे लोक पत्रिका मानत नाहीत, त्यांनी पत्रिकेचे कारण सांगितले! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्यांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. आपण ती तोंडाने म्हणतो आणि मांडव घालताना लाडवण, बावणे, कोसरे मोजतो. मग आपल्यात आणि दार लावून घेणाऱ्यांत फरक तो काय?

आमच्या गुरुकुंजात सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला नाना जातिपंथांची माणसे एका ओळीत बसतात. एका ओळीत बसणे ही लहान गोष्ट नाही. पण उठून घरी गेल्यावर सोयरीक कोणाशी करतो, खरी परीक्षा तेथे होते.

म्हणून माझी दोन विनवण्या आहेत. पहिली आईबापांना. मुलगा-मुलगी कॉलेजात जाते, फी भरली, पास झाली की संपले, असे समजू नका. तिची वही मागा. वाचता येत नसेल तर तिच्याकडून वाचून घ्या. खोलीत कोण राहते, त्यांच्या घरी काय रीत आहे, विचारा. निबंध उतरवलेला असेल तर पुन्हा लिहायला लावा. दुसरी विनवणी वधू-वरांची माहिती लिहिणाऱ्यांना. शिक्षण लिहा, नोकरी लिहा, स्वभाव लिहा. पोटजातीची ओळ खोडून टाका.

मी स्वतः मागच्या रविवारी भावाला सोबत घेऊन त्या उन्हाळ्यातल्या स्थळाच्या घरी गेलो. मुलीचे लग्न अजून ठरलेले नव्हते. पत्रिकेची सबब खोटी होती, हे मी तिच्या वडिलांसमोर कबूल केले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, विचार करून कळवतो. निरोप अजून आलेला नाही. नाही आला तरी दोष त्यांचा नाही.

जयभीम.